सूर्याचें चुंबकीय साम्राज्य

इसवी सन १८५९, सप्टेंबरची २ तारीख. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंतील निरीक्षक चुंबकसूचीचे अंक डोळ्यांनीं पाहून नित्याप्रमाणें वहींत उतरवीत होते. त्या दिवशीं पृथ्वीचें आडवें चुंबकबल एकाएकीं सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं घसरलें. आदल्या दिवशीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन यांनीं सूर्यावरील डागांच्या समूहांत डोळे दिपविणारी ज्योत पाहिली होती. दोन्ही घटनांमध्यें पुरता एक दिवसही गेला नव्हता. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्यें १५ कोटि किलोमीटरांचें अंतर. मग तेथील घडामोड कुलाब्याच्या सूचीस कळली कशी? हा प्रश्न सुटावयास शंभर वर्षें लागलीं.

पहिलें उत्तर नकारार्थी आलें. १८९२ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें लॉर्ड केल्विन यांनीं एक हिशेब मांडला. सूर्य प्रचंड लोहचुंबकाप्रमाणें दुरूनच पृथ्वीवर बल चालवितो असें मानलें, तर एका साधारण वादळाच्या आठ तासांत त्यास चार महिन्यांच्या प्रकाश-उष्णतेइतकी शक्ति खर्चावी लागेल. हें अशक्य; म्हणून सौर डाग व चुंबकीय वादळें यांचा मेळ केवळ योगायोगाचा, असा निर्णय त्यांनीं दिला. हिशेबांत चूक नव्हती. चूक गृहीतांत होती. सूर्याचें चुंबकत्व दुरून ओढ लावीत नाहीं, तें वाहून आणलें जातें, ही कल्पना तेव्हां कोणाच्या हातीं आली नव्हती.

१९०८ सालीं अमेरिकेंतील माउंट विल्सन वेधशाळेंत जॉर्ज हेल यांनीं सौर डागांत पृथ्वीच्या हजारों पट प्रबळ चुंबकत्व असल्याचें सिद्ध केलें. १९५१ मध्यें जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बियरमान यांनीं धूमकेतूंच्या पुच्छांवरून ताडलें कीं, सूर्यापासून कणांचा झोत अखंड बाहेर पडत असावा. १९५८ सालीं शिकागोच्या यूजीन पार्कर यांनीं त्याचें कारण गणितानें दाखविलें. सूर्याभोंवतींचें प्रभामंडल दहा लाख अंशांहून अधिक तप्त असल्यामुळें तें स्थिर राहूंच शकत नाहीं. तें सर्व दिशांस वेगानें वाहत सुटतें. दोन परीक्षकांनीं हा निबंध त्याज्य ठरविला. नियतकालिकाचे संपादक होते लाहोरांत जन्मलेले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. त्यांसही ही कल्पना रुचली नव्हती. परंतु गणितांत दोष सांपडेना, म्हणून त्यांनीं निबंध छापला. १९६२ मध्यें शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानास तो सौर वारा वाटभर अखंड लागला.

हा वारा सूर्याच्या चुंबकरेषा बरोबर घेऊन जातो. त्यांचा आकार समजण्यास दिवाळींतील भुईचक्र आठवावें. प्रत्येक ठिणगी सरळच बाहेर जाते. पण चक्र फिरत असल्यामुळें ठिणग्यांची माळ वळणदार दिसते. सूर्यही पृथ्वीवरून पाहतां सुमारें २७ दिवसांत एक फेरा करतो. म्हणून त्याच्या चुंबकरेषा सर्पिल होतात व पृथ्वीपाशीं सुमारें ४५ अंशांनीं तिरप्या येतात. सूर्याकडे येणाऱ्या आणि सूर्यापासून दूर जाणाऱ्या रेषांमध्यें एक पातळ पडदा असतो. सूर्याचा चुंबकीय अक्ष कललेला असल्यामुळें तो गिरकी घेणाऱ्या नर्तकीच्या घागऱ्यासारखा लहरत राहतो, आणि पृथ्वी कधीं त्याच्या वर, कधीं खालीं येते.

पृथ्वीपाशीं हें चुंबकत्व एरव्हीं अवघें पांच नॅनोटेस्लांच्या आसपास असतें. परंतु सूर्यावरून उडालेला चुंबकयुक्त वायूचा लोट येऊन पोहोंचला आणि त्यांतील रेषा दक्षिणेकडे वळलेल्या असल्या, म्हणजे त्या पृथ्वीच्या रेषांशीं जोडल्या जातात व सौर वाऱ्याची शक्ति आंत शिरते. १८५९ सालीं कुलाब्यास झाला तो अशाच लोटाचा आघात होता.

या साम्राज्यास सीमाही आहे. ताऱ्यांमधील वायूच्या दाबापुढें सौर वारा अखेर थांबतो. पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारें १२२ पट दूर व्हॉयेजर-१ यानानें २५ ऑगस्ट १९१२ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१२ सालीं, ती सीमा ओलांडली. व्हॉयेजर-२ यानानें ५ नोव्हेंबर २०१८ रोजीं.

विजेच्या ट्रामगाड्यांमुळें सूचींस अडथळा होईल म्हणून कुलाब्याचें चुंबकीय काम १९०४ सालीं अलिबागेस हलविण्यांत आलें. जुन्या वह्या मात्र जपून ठेवल्या गेल्या. एकविसाव्या शतकांत १८५९ च्या वादळाचें बळ ठरवूं पाहणाऱ्या शास्त्रज्ञांस त्याच उघडाव्या लागल्या. कारण न कळतांही जें दिसलें तें निरीक्षकांनीं जसेंच्या तसें लिहून ठेवलें होतें.