पट्ट्याचा ताण : हॉट रॉडच्या इंजिनाच्या निमित्ताने

यंत्रविद्येच्या इतिहासात पट्ट्याला नेहमीच गौण स्थान मिळाले आहे. बाष्पयंत्राचा व अंतर्ज्वलन यंत्राचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. परंतु एका फिरत्या दांड्याची गती दुसऱ्या दांड्यापर्यंत नेणाऱ्या पट्ट्याचा उल्लेख आलाच, तर तो चामडे, रबर आणि कृत्रिम धागे अशा पदार्थांच्या क्रमाने येतो. हा क्रम चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पट्टा किती ताणावा, याचा निर्णय कोणी करावयाचा, हा या इतिहासातील खरा प्रश्न होय. कॅलिफोर्नियातील हॉट रॉडकारांच्या व्यवहारात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. पट्टा घर्षणाच्या बळावर चालतो. ताण कमी पडला, तर पट्टा पुलीवर घसरतो, तापतो आणि त्याची कड गुळगुळीत होते. ताण अधिक झाला, तर दांड्याच्या बेअरिंगवर अकारण भार पडून ते लवकर झिजते. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने पट्ट्याच्या घट्ट व सैल बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर वेढ्याच्या कोनावर व घर्षणावर अवलंबून असते, असे दाखविले. घर्षणांक ०.३ आणि वेढा अर्ध्या वर्तुळाचा धरल्यास सपाट पट्ट्याच्या बाबतीत हे गुणोत्तर सुमारे अडीच येते. पट्ट्याची रुंदी या हिशेबात येतच नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

एकोणिसाव्या शतकातील कारखान्यात छताजवळून जाणाऱ्या लांब दांड्यावरून सपाट चामडी पट्टे खाली यंत्रांकडे येत. मुंबईच्या कापडगिरण्यांतील मागांनाही अशाच पट्ट्यांनी गती मिळे, आणि खेड्यातील पिठाच्या गिरणीत तसा पट्टा पुढेही दीर्घकाळ दिसत राहिला. पट्टा सैल झाला की त्याचा तुकडा कापून टोके पुन्हा सांधावयाची, ही तेव्हाची रीत. किती कापावे हे सांधणाऱ्या कामगाराला ठाऊक असे. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या टी मोटारीत पंखाही सपाट पट्ट्यावरच फिरे.

१९१७ साली डेन्व्हर येथील जॉन गेट्स यांनी रबर व कापड यांचा पाचरीच्या आकाराचा पट्टा तयार केला. व्ही-पट्टा म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा खाचेच्या तळावर बसत नाही. दोन्ही भिंतींत रुततो. भिंतींमधील कोन ३८ अंश धरल्यास वरील गुणोत्तर अडीचवरून सुमारे अठरावर जाते. याचा अर्थ असा की, तितकीच ओढ नेण्यासाठी बेअरिंगवर पडणारा एकूण भार हिशेबाने जवळजवळ निम्मा होतो. मोटारींनी हा पट्टा स्वीकारला यात आश्चर्य नाही.

१९३२ साली फोर्डने ६५ अश्वशक्तीचे व्ही-आठ इंजिन सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणले. जुन्या मोटारीचे वजन घटवून, इंजिनाची शक्ती वाढवून ती कोरड्या सरोवरांच्या सपाटीवर पळविणाऱ्या तरुणांना हे इंजिन फार मानवले. त्यांच्या मंडळांचा संघ १९३७ साली दक्षिण कॅलिफोर्नियात स्थापन झाला, आणि १९४८ साली ‘हॉट रॉड’ हे मासिक निघाले. या मोटारींचे वैशिष्ट्य असे की, इंजिन एका गाडीचे, वॉटर पंप दुसऱ्या गाडीचा, डायनॅमो अथवा पुढील काळातील अल्टरनेटर तिसऱ्या गाडीचा असे. कारखान्यात पुलींची जागा, पट्ट्याची लांबी आणि ताण यांचा निर्णय आधीच झालेला असतो. हॉट रॉडकाराला तो मुळापासून करावा लागे.

या कामाचा क्रम ठरलेला होता. प्रथम सर्व पुली एका प्रतलात आणावयाच्या. त्यासाठी सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी पुलींच्या तोंडांवर टेकवून पाहत. व्ही-पट्ट्यास सुमारे अर्ध्या अंशापलीकडे वाकडेपणा सोसत नाही. एक फूट अंतरावर हा फरक जेमतेम एक दशांश इंच भरतो. नंतर खाच आणि पट्टा यांचे माप जुळते की नाही हे पाहावयाचे. खाचेचा तळ चकाकू लागला असेल, तर पट्टा भिंतींत न रुतता तळावर घसरतो आहे, असे समजावे. शेवटी ताण. दोन पुलींच्या मध्यभागी अंगठ्याने दाबले असता पट्टा सुमारे अर्धा इंच दबावा, हा सर्वपरिचित नियम. अभियंत्यांचा नियम याहून सूक्ष्म आहे : पुलींमधील प्रत्येक इंचामागे १/६४ इंच दबण्यास किती बळ लागते, ते मोजावयाचे. नवा पट्टा थोडा वेळ चालवून पुन्हा ताणावा लागतो, कारण खाचेत बसताना तो काहीसा सैल पडतो.

युद्धोत्तर काळात जनरल मोटर्सच्या दोन-धावी डिझेल इंजिनांवरील हवा रेटणारे यंत्र, म्हणजे सुपरचार्जर, हॉट रॉडवर बसविले जाऊ लागले. बार्नी नव्हारो यांनी ते व्ही-पट्ट्यांवर चालविले. परंतु शक्ती वाढली तसे घर्षण अपुरे पडू लागले. १९४० च्या दशकात शिवणयंत्रासाठी निघालेला दातेरी पट्टा येथे उपयोगी पडला. तो बनविणाऱ्या गिल्मर कंपनीचे नाव हॉट रॉडकारांच्या बोलीत सामान्यनामच होऊन बसले. हा पट्टा दात्यांत अडकून चालत असल्यामुळे त्याला मोठा ताण लागत नाही. तथापि निर्णय टळला नाही, तो बदलला. इंजिन तापले की धातू प्रसरण पावतो व पुलींमधील अंतर वाढते. म्हणून थंड इंजिनावर पट्टा किंचित सैल ठेवावा लागतो. सपाट पट्ट्याची सवय झालेला हात येथे हमखास अधिक ताण देईल.

१९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये अनेक पुलींना वेढणारा एकच रुंद, बारीक खाचांचा पट्टा आला. अशा पट्ट्यांबरोबर स्प्रिंगने आपोआप ताण राखणारी पुलीही रूढ झाली. अंगठ्याचे काम स्प्रिंगकडे गेले. त्यामुळे चूक कमी झाली, हे मान्य करावयास हवे. पण ताण ओळखण्याची गरजही सामान्य मोटारमालकास उरली नाही.

पेटंटांवरून इतिहास लिहिणाऱ्यास यात केवळ प्रगती दिसेल. परंतु चामड्याचा पट्टा सांधणारा कामगार आणि अंगठ्याने पट्टा दाबून पाहणारा हॉट रॉडकार यांचे ज्ञान पेटंटांत नाही. त्यांतील थोडे नियमरूपाने पुस्तकांत उतरले. थंड इंजिनावर ‘किंचित सैल’ म्हणजे नेमके किती, यासारखे पुष्कळसे हातातच राहिले. स्प्रिंगने त्या हाताची गरज संपविली की ते ज्ञान कोठेही न नोंदले जाता नाहीसे होते. म्हणून जुनी यंत्रे अद्याप चालविणाऱ्यांची भाषा, त्यांच्या कसोट्या आणि खुणा टिपून ठेवणे हे इतिहासकाराचे काम आहे, आणि ती माणसे हयात असेपर्यंतच ते करता येण्याजोगे आहे.