बुधवारची रात्र आणि अमीन सयानी

बुधवारी रात्री आठाच्या आत जेवणे उरकून घेण्याची घाई आमच्या ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांत असे, हे आता नातवंडांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही. रेडिओचा काटा सिलोनवर आणण्याचे काम घरातील थोरल्या मुलाकडे. आवाज लाटेसारखा येई, ओसरे, मध्येच खरखरीत बुडून जाई. तरीही तो लगेच ओळखू येई. ज्यांचा तो आवाज, ते अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत निवर्तले.

त्यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ चा, मुंबईचा. परंतु शालेय शिक्षणासाठी ते आमच्या किल्ल्यावरील सिंदिया स्कूलमध्ये होते, ही गोष्ट कित्येक ग्वाल्हेरकरांनाही ठाऊक नसते. त्यांच्या सोप्या हिंदुस्थानीचे मूळ मात्र घरातच सापडते. मातोश्री कुलसुम सयानी या साक्षरता प्रसाराच्या कार्यकर्त्या. गांधीजींच्या प्रेरणेने त्या 'रहबर' हे नियतकालिक देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत काढीत. त्या कामात अमीनही हातभार लावीत. शेवटच्या माणसाला कळेल असे बोलावे, हा धडा त्यांना तेथेच मिळाला असावा, असे आम्हांस वाटते. रेडिओवर त्यांना आणले ते थोरले बंधू हमीद यांनी.

त्यांना मैदान मोकळे करून दिले ते एका मराठी गृहस्थाने, आणि तेही नकळत. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते निस्सीम अभिमानी. चित्रपटगीतांना त्यांनी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. (इंग्रजांमागोमाग क्रिकेटही जाईल असे त्यांचे भाकीत होते, तेही श्रोत्यांनी खोटे ठरविले.) श्रोते मग महायुद्धकाळातील शक्तिशाली प्रक्षेपकांवर चालणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदन, संहिता, निर्मिती आणि पत्रांची छाननी, या सगळ्याचे सयानींना आठवड्याचे पंचवीस रुपये मिळत! पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत येऊ लागली.

प्रारंभी ती सात गाण्यांची एक स्पर्धा होती. पुढे लोकप्रियतेचा क्रम लावला जाऊ लागला. तबकड्यांची विक्री आणि श्रोतासंघांची मते हा त्याचा आधार. सयानी ही चढउतार एखाद्या सामन्याचे धावते वर्णन करावे तशी सांगत. कोण पायरी चढले, कोण घसरले, यावर घरोघरी पैजा लागत. "बहनों और भाइयों" म्हणताना त्यांनी भगिनींना पहिले स्थान दिले, हेही आमच्या आजीच्या नजरेतून सुटले नव्हते.

केसकरांवर मात्र अन्याय होऊ नये. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला, आणि श्रोते परत आणण्यासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीही त्यांच्याच काळात सुरू झाली. त्याच विविध भारतीवर १९८९ मध्ये गीतमाला आली आणि १९९४ पर्यंत चालली. १९७५ मध्ये हमीद गेल्यावर 'बोर्नव्हिटा क्विझ' हा मुलांचा कार्यक्रमही अमीन यांनीच पुढे चालविला. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१९५३ च्या वार्षिक गीतमालेत अव्वल ठरलेले गीत 'अनारकली' चित्रपटातील होते. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. आणि गायिका, इंदूरला जन्मलेल्या लता मंगेशकर.