फ्रायबुर्गच्या डॉक्टरांचं चक्र

मागच्या हिवाळ्यात लेकीच्या आबिटुरची तयारी चालू होती. एका संध्याकाळी ती जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली. पानभर गोल आकृती आणि वर मथळा, "सिट्राटत्सिक्लुस". पोळ्या लाटता लाटता मी म्हटलं, "अगं, ही तर आमची क्रेब्स सायकल!"

ती दचकलीच. "क्रेब्स? कॅन्सर?" जर्मनमध्ये क्रेब्स म्हणजे खेकडा आणि कर्करोगही, आपल्या "कर्क"सारखंच. पुण्यात बी.एस्सी.ला मी हे चक्र तोंडपाठ केलं होतं, पण क्रेब्स हा माणूस कोण, कुठला, याची कधी चौकशी केली नव्हती. मग दोघींनी मिळून केली.

हान्स क्रेब्स यांचा जन्म १९०० सालचा, हिल्डेसहाइमच्या एका ज्यू डॉक्टरांच्या घरातला. १९२६ ते १९३० ते बर्लिनच्या डालेम भागात ओटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत होते. त्याच सुमारास त्याच डालेममध्ये आपल्या इरावती कर्वे मानववंशशास्त्रात संशोधन करत होत्या, हे कळल्यावर मला फार गंमत वाटली. वारबुर्गांकडे क्रेब्स एक तंत्र शिकले: जिवंत ऊतीचा पातळ काप किती प्राणवायू घेतो ते मॅनोमीटरने मोजायचं. त्याच्या जोरावर १९३२ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, फ्रायबुर्गमध्ये कुर्ट हेन्झेलाइट या विद्यार्थ्याच्या साथीने त्यांनी यकृतात युरिया कसा बनतो त्याचं चक्र शोधलं.

एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा केला. त्याच महिन्यात क्रेब्स यांना कामावरून दूर केलं गेलं. जूनमध्ये ते केंब्रिजला पोहोचले, १९३५ मध्ये शेफील्डला गेले. तिथे १९३७ साली विल्यम जॉन्सन यांच्यासोबत कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करून त्यांनी सायट्रिक आम्लाचं चक्र मांडलं. "नेचर"ने लेख परत पाठवला, तो हॉलंडच्या "एन्झायमोलोगिया"त छापून आला. १९५३ साली त्याच कामाला नोबेल मिळालं. सोबतचे मानकरी फ्रिट्झ लिपमान, तेही जर्मनी सोडून गेलेले ज्यू शास्त्रज्ञ.

आता या चक्राची खरी गंमत. आपण जेवतो त्यातली साखर, चरबी शेवटी याच चक्रात येऊन पडते, आणि त्यातून निघालेल्या ऊर्जेवर पेशी एटीपी बनवते. दिवसभरात आपण साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतो आणि खर्चतो, पण एका वेळी शिल्लक असतं पाव किलोपेक्षाही कमी! म्हणजे साठवण नाही, गरम गरम तव्यावरून थेट ताटात. मग किती बनवायचं हे कोण ठरवतं? लेकीला मी पोळ्यांचाच दाखला दिला. डब्यात पोळ्या साचल्या की गॅस बारीक करायचा, पंगत वाढली की मोठा. पेशीतही तसंच. एटीपी आणि एनएडीएच साचले की चक्रातली काही विकरं, मुख्यतः आयसोसायट्रेट डीहायड्रोजनेज, मंदावतात. एटीपी खर्च होऊन एडीपी वाढलं की तीच पुन्हा वेग घेतात. स्नायू आखडताना सुटणारं कॅल्शियमही या चक्राला घाई करतं. आणि चक्राच्या दारावरचं पायरुव्हेट डीहायड्रोजनेज, गरज नसली की बंद केलं जातं. वरून हुकूम देणारं कोणी नाही. जे साचतं तेच सांगतं, "आता पुरे." हे बारकावे मात्र १९३७ नंतरच्या दशकांत हळूहळू उलगडत गेले.

लेकीने आकृती काढली, पाठ झाली. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "पण आई, इतका हुशार माणूस आपण का घालवला?"

तिचं ते "आपण" ऐकून मी तवा उतरवला. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. इथला अभिमान तिचा, तशी इथली लाजही तिने आपली मानली. मला बरं वाटलं आणि जरा भीतीही वाटली. आपल्याकडेही कोण आपलं, कोण परकं हे जन्मावरून ठरवलं गेलंच आहे की. एवढंच तिला सांगू शकले.

तर मंडळी, यंदा फराळाच्या दोन चकल्या जास्त खाल्ल्यात तर या हिल्डेसहाइमच्या मुलाची आठवण काढा. त्या चकल्या पचवून जे चक्र फिरेल, त्याला त्याचंच नाव आहे.