कडू सरोवरातला शेजार

५ जून १९६७ रोजी अरब-इस्रायल युद्ध पेटले, सुएझ कालवा बंद झाला आणि उत्तरेकडे निघालेली १४ मालवाहू जहाजे ग्रेट बिटर लेक या खाऱ्या सरोवरात अडकली. ती सुटली १९७५ साली. शीतयुद्ध म्हणजे समोरासमोर उभे ठाकलेले दोन गट, असेच आपण शिकतो आणि शिकवतो. येथे मात्र ब्रिटिश, अमेरिकी, पश्चिम जर्मन खलाशी पोलिश, बल्गेरियन, चेकोस्लोव्हाक खलाशांच्या शेजारी नांगर टाकून होते. ऑक्टोबर १९६७ मध्ये त्यांनी चक्क एक मंडळ स्थापन केले. फुटबॉल ब्रिटिश जहाजावर, चित्रपट बल्गेरियन जहाजावर, प्रार्थना जर्मन जहाजावर! १९६८ साली मेक्सिकोच्या जोडीने त्यांनी आपले ऑलिंपिकही भरवले. त्यात पोलंड पहिला आला. त्यांनी हाताने तयार केलेली टपाल तिकिटे आम्हांला एखाद्या तहाच्या मसुद्याइतकीच अस्सल कागदपत्रे वाटतात. अर्थात युद्ध दूर नव्हते; १९७३ च्या लढाईत ‘आफ्रिकन ग्लेन’ हे अमेरिकी जहाज तेथेच बुडाले. इंजिने चालती ठेवणे हे तिथले खरे काम. पण मे १९७५ मध्ये स्वतःच्या इंजिनांच्या बळावर मायदेशी, हॅम्बुर्गला, पोहोचली ती दोनच जर्मन जहाजे: ‘म्युन्स्टरलँड’ आणि ‘नॉर्डविंड’.