सिस्टरच्या गळ्यात स्टेथोस्कोप कसा आला?

वॉर्डात दाखल झाल्यावर नर्सिंगची विद्यार्थिनी येते. नाडी मोजते, बीपी घेते, पाठीला स्टेथोस्कोप लावते. नातेवाईक लगेच विचारतात, "डॉक्टर कधी येणार?" शिकाऊ मुलगी आपल्यावर हात बसवतेय, असा समज त्यामागे असतो. पण ही तपासणी तिच्या हाती यायला दोनशे वर्षे लागली.

सुरुवात झाली ठोकण्यापासून. माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो ना, तसेच. ऑस्ट्रियातील लिओपोल्ड औएनब्रुगर हा खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू किती उरली हे ठोकून ओळखतात, ते त्याने लहानपणी पाहिले असावे, असे सांगतात. पुढे व्हिएन्नात डॉक्टर झाल्यावर तो रुग्णांची छाती बोटांनी ठोकू लागला. हवा भरलेल्या फुप्फुसाचा आवाज पोकळ येतो, पाणी साचले असेल तर बद्द. १७६१ मध्ये त्याने यावर छोटे पुस्तक लिहिले, पण फारशी कोणी दखल घेतली नाही. नेपोलियनचे डॉक्टर कॉर्विझार यांनी १८०८ मध्ये त्याचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा ही पद्धत पसरली. पुढच्याच वर्षी औएनब्रुगर वारला.

याच कॉर्विझारचा विद्यार्थी रने लेनेक. १८१६ मध्ये पॅरिसला हृदयरोगाची एक तरुण रुग्ण त्याच्याकडे आली. तिच्या छातीला कान लावणे बरे दिसेना, म्हणून त्याने कागदाची सुरळी करून एक टोक छातीवर ठेवले आणि दुसऱ्याला कान लावला. ठोके नुसत्या कानापेक्षाही स्पष्ट ऐकू आले. स्टेथोस्कोपचा जन्म असा संकोचातून झाला!

हे सगळे डॉक्टरांचे. नर्सच्या वाट्याला काय होते? निरीक्षण. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी नर्सिंगवरच्या आपल्या पुस्तकात रुग्णाचे निरीक्षण कसे करावे यासाठी वेगळे प्रकरणच लिहिले. थर्मामीटरही लवकर नर्सकडे गेला. त्या काळचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब, आणि ताप मोजायला पंधरा-वीस मिनिटे लागत. प्रत्येक खाटेपाशी इतका वेळ कोणता डॉक्टर थांबणार? विसाव्या शतकात बीपीचे यंत्रही हळूहळू नर्सच्या हाती आले. तरी आकडा तिने लिहायचा आणि अर्थ डॉक्टरने लावायचा, अशीच वाटणी बराच काळ राहिली. माझ्या मते हा नुसता शास्त्राचा नाही, मानपानाचाही प्रश्न होता.

ही वाटणी मोडण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत १९६५ मध्ये झाला. कोलोरॅडोच्या खेड्यांत मुलांना डॉक्टर मिळत नसत. तिथल्या विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून नर्सना मुलांची पूर्ण तपासणी शिकवायला सुरुवात केली. आज आपल्याकडेही बी.एस्सी. नर्सिंगमध्ये आरोग्य तपासणी शिकवली जाते. आधी नीट पाहायचे, मग हाताने चाचपायचे, ठोकायचे, शेवटी ऐकायचे. पोटाचा क्रम मात्र वेगळा. तिथे पाहून झाले की आधी ऐकायचे, कारण पोट दाबले की आतड्यांचे आवाज बदलू शकतात. तेव्हा सिस्टरने पोटाला हात लावण्याआधी स्टेथोस्कोप ठेवला, तर ती क्रम चुकलेली नाही.

आणखी एक गोष्ट. नाडी मोजून झाल्यावरही ती मनगट धरून गप्प उभी राहते. त्या वेळी ती बहुधा तुमचे श्वास मोजत असते. सांगून मोजले तर माणूस नकळत श्वास बदलतो, म्हणून ती सांगत नाही. मोठ्या माणसाचे विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात. हा आकडा वाढू लागणे ही प्रकृती बिघडत असल्याची अगदी सुरुवातीची खूण असू शकते. त्यासाठी यंत्र लागत नाही, घड्याळ आणि एक मिनिट पुरते. तेवढा वेळ तिच्याशी बोलू नका.