मुंबईतील ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ लॉज आणि त्याचे आद्य भारतीय सदस्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील पश्चिम भारताच्या सामाजिक इतिहासाची मांडणी करताना सभा, समाज, ग्रंथालये व वृत्तपत्रे यांचा परामर्श अभ्यासकांनी विस्ताराने घेतला आहे. त्या मानाने फ्रीमेसन लॉज ही संस्था मराठी इतिहासलेखनात उपेक्षित राहिली. तिच्याभोवती असलेले गूढतेचे वलय हे याचे एक कारण होय. उत्तर हिंदुस्थानात लॉजच्या इमारतीस लोक सरळ ‘जादूघर’ म्हणत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. लॉजचे इतिहास बहुधा लॉजच्याच सदस्यांनी, गौरवाच्या हेतूने लिहिले. दिवंगत सदस्याचे स्मरण करताना त्याने भूषविलेली पदे व त्यास मिळालेली मानचिन्हे यांवर त्यांचा भर असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, या सदस्यांचे ऐतिहासिक महत्त्व त्यांच्या पदांत नसून त्यांच्या प्रवेशाच्या कथेत आहे.

१७१७ मध्ये लंडन येथे पहिली ग्रँड लॉज स्थापन झाली. १७२३ च्या तिच्या घटनेने सदस्यांना धर्मपंथाच्या भेदापलीकडील बंधुत्वाचे अभिवचन दिले. मुंबईत १७५८ मध्येच लॉज निघाली. परंतु पुढील सुमारे आठ दशके ती सृष्टी लष्करी अधिकारी, कंपनीचे नोकर व युरोपीय व्यापारी यांचीच होती. प्रवेशाचा निर्णय पांढऱ्या व काळ्या गोट्यांच्या गुप्त मतदानाने होई. काळी गोटी टाकणाऱ्यास कारण सांगावे लागत नसे. वर्णद्वेषाला याहून सोयीचे साधन दुसरे नसावे.

माणेकजी करसेटजी

मुंबईचे पारशी गृहस्थ माणेकजी करसेटजी (१८०८-१८८७) यांचे उदाहरण या संदर्भात मूलगामी ठरते. १८४० मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते पहिले भारतीय सभासद झाले. १८२८ मध्ये स्थापन झालेल्या ‘लॉज पर्सिव्हरन्स’ने मात्र त्यांना प्रवेश नाकारला. ते युरोपात गेले. लंडनमध्येही त्यांचा प्रयत्न सफल झाला नाही. अखेरीस पॅरिस येथील एका फ्रेंच लॉजमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. म्हणजे ज्या साम्राज्याचे ते प्रजाजन होते त्याने नाकारलेले बंधुत्व त्यांना परक्या राज्यात लाभले. मुंबईस परतल्यावरही पर्सिव्हरन्सचे दार त्यांना उघडले नाही.

या पेचातून मार्ग काढला तो डॉ. जेम्स बर्न्स (१८०१-१८६२) यांनी. हे काबूल येथे १८४१ मध्ये मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स यांचे बंधू. भूज येथील रेसिडेन्सीत वैद्यकीय अधिकारी म्हणून त्यांनी काम केले होते. स्कॉटिश परंपरेतील पश्चिम भारताच्या मेसन संघटनेचे प्रमुखपद त्यांच्याकडे असल्याने नवी लॉज काढण्याचा अधिकार त्यांना होता. डिसेंबर १८४३ मध्ये त्यांनी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज भारतीयांसाठी उघडली. माणेकजी तिचे पहिले चिटणीस झाले व पुढे त्याच लॉजच्या मास्टर या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचले.

बर्न्स यांच्या औदार्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि स्वतंत्र लॉज काढणे म्हणजे जुन्या लॉजची भिंत न पाडता शेजारी दुसरे दार बसविणे होते, हे नोंदविणे आवश्यक आहे. समतेचे तत्त्व मान्य झाले. एकत्र बसण्याचा प्रश्न पुढे ढकलला गेला. माणेकजींनी पुढे १८६३ मध्ये मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी ‘अलेक्झांड्रा’ संस्था काढली. बंद दारांविषयीचा त्यांचा अनुभव व हे कार्य यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो. मात्र ज्या संघटनेसाठी ते इतके झगडले तिने स्त्रियांना प्रवेश दिला नव्हता, ही विसंगतीही दृष्टीआड करता येत नाही.

खरशेटजी कामा आणि हिंदूंचा प्रश्न

पुढील पिढीतील खरशेटजी रुस्तमजी कामा (१८३१-१९०९) यांचा प्रवेश १८५४ मध्ये झाला, तो याच लॉजमध्ये. दादाभाई नवरोजींबरोबर १८५५ मध्ये इंग्लंडला जाऊन भारतीय पेढी चालविणारे कामा पुढे युरोपीय पद्धतीने अवेस्ता शिकून आले व मुंबईत त्यांनी त्या अभ्यासाची परंपरा घडविली. मुंबईतील एतद्देशीयांमधील फ्रीमेसनरी या विषयावर त्यांनी प्रबंधही लिहिला. १९०७ मध्ये जीवनजी जमशेदजी मोदी यांनी त्यांच्या मेसन सदस्यत्वाच्या अर्धशतकाप्रीत्यर्थ गौरवग्रंथ संपादिला. स्वतः दादाभाई व फिरोजशहा मेहता हेही मेसन होते. राष्ट्रीय सभेच्या पहिल्या पिढीला सभेचे संकेत, ठराव, मतदान व वर्गणीचा हिशेब यांचा सराव ज्या संस्थांत झाला त्यांत लॉजची गणना करावयास हवी.

पारशी व मुसलमान एकेश्वरवादी म्हणून स्वीकारले गेले. हिंदूंबाबत मात्र ‘अनेक देव मानणारा मनुष्य शपथ कोणाची घेणार?’ असा आक्षेप युरोपीय सदस्य घेत. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना १८६० च्या दशकात याच कारणावरून अडविण्यात आले. त्यांनी लंडनपर्यंत दाद मागितली व १८७२ मध्ये प्रवेश मिळविला. तेथीलच ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढील काळातील स्वामी विवेकानंद, यांची दीक्षा झाली. अडचण एकाच बाजूची नव्हती. दीक्षाविधीनंतर सहभोजन होई आणि युरोपीयांच्या पंक्तीस बसणे म्हणजे हिंदू सदस्याने जातिबहिष्कार ओढवून घेणे होते.

आपल्या मराठवाड्याचा संबंध निजामाच्या राज्यामार्गे येतो. हैदराबादेतील गोशामहल बारादरी १८७२ मध्ये मेसन मंडळींच्या वापरास देण्यात आली. ही वास्तू कुतुबशाहीच्या अखेरीस अबुल हसन तानाशाहाच्या कारकिर्दीत पूर्ण झाली. औरंगजेबाने त्याच तानाशाहाला पदच्युत करून वाळूजहून फारशा दूर नसलेल्या दौलताबादच्या किल्ल्यात डांबले आणि तेथेच त्याचा अंत झाला.

लॉज आणि परमहंस सभा

सहभोजनाचा मुद्दा मुंबईच्या दुसऱ्या एका गुप्त मंडळाकडे लक्ष वेधतो. ‘रायझिंग स्टार’नंतर अवघ्या काही वर्षांत, १८४९ च्या सुमारास, दादोबा पांडुरंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा चालविली. तिच्यातही प्रवेशविधी होता, गुप्ततेचे बंधन होते, एकेश्वराची प्रार्थना होती. परंतु जात मोडण्याची प्रतिज्ञा करून सर्वांसमक्ष परजातीच्या हातचे खाणे ही येथील दीक्षा होती. या सभेवर लॉजचा प्रत्यक्ष प्रभाव पडला असा दावा येथे करावयाचा नाही. एकाच शहरात, एकाच दशकात समतेसाठी गुप्ततेचा आश्रय घ्यावा लागला, एवढे साम्य विचारार्ह आहे. फरक असा की, लॉजची गुप्तता उघड झाली तरी सदस्याची प्रतिष्ठा वाढे. परमहंस सभेच्या सदस्याचे घरदार व नातेगोते पणास लागे. १८६० च्या सुमारास तिचे कागदपत्र चोरीस गेले, सदस्यांची नावे बाहेर येण्याच्या भीतीने मंडळी पांगली आणि सभा संपली.

लॉजजवळ तिच्या सदस्यांची अखंड नोंदपुस्तके राहिली. कामांना हयातीतच गौरवग्रंथ लाभला. दादोबांचे आत्मचरित्र १८४७ पाशीच थांबते. परमहंस सभेचे सदस्य कोण होते याचा शोध अ. का. प्रियोळकरांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विखुरलेल्या पत्रांतून व आठवणींतून घ्यावा लागला.