आखेनची अस्थिमंजूषा आणि तिच्यावरील सोळा राजे

महापरिनिब्बानसुत्तात जे चौघे ‘थूपारह’, म्हणजे स्तूपास पात्र, मानले आहेत त्यांत चक्रवर्ती राजाही आहे, हे पालीच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. त्याचा स्तूप चव्हाट्यावर उभारावा आणि तो पाहून लोकांचे चित्त प्रसन्न व्हावे, असा तेथे आशय आहे. राजाच्या अस्थींचा असाच सन्मान मध्ययुगीन युरोपात सुवर्णकारांच्या हातून कसा झाला, याचे एक उदाहरण आम्ही येथे घेत आहोत. ते आहे जर्मनीतील आखेन येथील, सम्राट शार्लमेनच्या अस्थिमंजूषेचे.

शार्लमेन इ. स. ८१४ मध्ये आखेनला मरण पावला आणि त्यानेच बांधविलेल्या चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. संतपद मात्र त्यास ११६५ मध्ये मिळाले. तेही सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या पुढाकाराने आणि त्याच्याच पक्षाच्या, तिसरा पास्काल या प्रतिपोपच्या अनुमतीने. राजास संत करणारा राजाच होता!

मंजूषा सुमारे दोन मीटर लांब आहे. आत ओक लाकडाचा सांगाडा, वर सोन्याचा मुलामा दिलेली चांदी व तांबे, शिवाय मीनाकारी, तारकाम आणि रत्ने. परंतु आम्हांस खरे महत्त्वाचे वाटते ते तिच्यावरील आसनांचे वाटप. अशा मंजूषांच्या लांब बाजूंवर बहुधा ख्रिस्ताचे शिष्य असतात. याच चर्चमधील मरियेच्या मंजूषेवर ते आहेतही. येथे त्यांच्या जागी सोळा राजे व सम्राट बसले आहेत, प्रत्येक बाजूस आठ. दर्शनी भागी मधोमध शार्लमेन असून त्याच्या दोहों बाजूंस आर्चबिशप टर्पिन आणि पोप तिसरा लिओ उभे आहेत. ज्या लिओने इ. स. ८०० मध्ये शार्लमेनच्या मस्तकी मुकुट ठेवला, तो येथे त्याच्याहून लहान घडविला आहे. सुत्तातील स्तूप पाहणाऱ्याच्या हितासाठी आहे. ही मंजूषा मुख्यतः घडविणाऱ्या राजवंशाच्या हितासाठी आहे, असे आमचे मत आहे.

बार्बारोसाचा नातू दुसरा फ्रेडरिक याचा आखेन येथे २५ जुलै १२१५ रोजी राज्याभिषेक झाला. दोनच दिवसांनी अस्थी मंजूषेत ठेवण्यात आल्या. तेव्हा त्याने अंगावरील झगा उतरविला, हाती हातोडा घेतला आणि कारागिरासह स्वतः खिळे ठोकून मंजूषा बंद केली, असे समकालीन वृत्तकार राइनर नमूद करतो. फ्रेडरिक त्या वेळी वीस वर्षांचा होता. मंजूषेवरील सोळांत एक प्रतिमा त्याची आहे.